ब्रेक लावताना स्टीअरिंग परत परत थरथरतंय? डिस्क बदलण्याआधी डायल लावा

लक्षण असं असतं. गाडी १०० च्या आसपास आहे, पुढे ट्रक दिसतो, तुम्ही हलका ब्रेक लावता आणि ९० ते ७० च्या दरम्यान स्टीअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरतं. ब्रेक सोडला की थांबतं. शहरात, सिग्नलला, पार्किंगमध्ये काहीच जाणवत नाही. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली की ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) लेथवर मारून, म्हणजे तासून सपाट करून मिळतात किंवा नव्या बसवल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी एकदम व्यवस्थित चालते. मग सहा-आठ हजार किलोमीटर होतात आणि तेच पुन्हा सुरू होतं.

दोनशेच्या पुढे अश्वशक्ती असलेल्या, पुढे मोठ्या व्हेंटिलेटेड डिस्क असलेल्या गाड्यांच्या मालकांना हे फार भोगावं लागतं. या गाड्या जड असतात, वेगात चालवल्या जातात आणि त्यांचे पार्ट महाग असतात. दर वेळी उत्तर एकच मिळतं: ‘सर, डिस्क बेंड झालीय. घाटात जोरात ब्रेक मारता का?’ हे उत्तर बहुतेक वेळा अपुरं असतं. त्यावर विसंबून केलेला खर्च म्हणूनच टिकत नाही. आधी डायल गेज, म्हणजे शतांश मिलिमीटरची हालचाल काट्यावर दाखवणारं माप, लावून मोजायला हवं.

आधी ब्रेकच आहे का, हे ठरवा

ब्रेक न लावताच ९०-११० ला स्टीअरिंग हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग, वाकलेली रिम आणि टायरला आलेला फुगा बघा. फक्त ब्रेक लावल्यावर हलत असेल तर पुढच्या डिस्कवर संशय घ्या. स्टीअरिंग शांत आहे पण सीट आणि पेडल थरथरतंय, तर मागच्या डिस्क तपासा. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात, तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो. पॅडने तो लगेच पुसून जातो, त्यासाठी वर्कशॉपला जायची गरज नाही. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करत असेल तर ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे, ती तक्रार वेगळी.

लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश ढिले असतील तर थरथर मोठी जाणवते, हे खरं. पण बुश ती निर्माण करत नाहीत, फक्त वाढवतात. ‘बुश बदलले की जाईल’ असं कुणी म्हणालं तर डिस्क मोजल्याशिवाय होकार देऊ नका.

बरी झालेली गाडी पुन्हा का बिघडते

या दुखण्याचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

डिस्क ओतीव लोखंडाची असते. रोजच्या वापरात ती तापून वाकडी होणं तसं दुर्मीळ. स्टीअरिंग हलतं ते डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे. फरक अगदी थोडा असतो, मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग, पण तेवढा पुरतो. ९० किमी वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २२५/४५ आर १७ टायरचा घेर जवळपास २ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा जाड भाग एकदा पॅडमधून जातो. पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची थरथरही साधारण याच पट्ट्यात येते, म्हणून त्या ठरावीक वेगाला स्टीअरिंग सगळ्यात जास्त हलतं.

आता जाडी कमी-जास्त का होते? डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर कसली जातात त्या फिरत्या भागावर) तंतोतंत सरळ बसलेली नसेल तर ती फिरताना किंचित आत-बाहेर करते. यालाच रनआउट म्हणतात. नुसत्या रनआउटने लगेच काही जाणवत नाही, कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर हलतो. पण ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकासा घासत राहतो. हायवेवर हे हजारो किलोमीटर चालतं. तो भाग तेवढाच झिजतो, किंवा पॅडचा थर तिथे जास्त बसतो. मग जाडी बदलते आणि मग स्टीअरिंग हलायला लागतं.

म्हणजे बिघाड पहिल्या दिवसापासून असतो, लक्षण मात्र सहा-आठ हजार किलोमीटरनंतर दिसतं. सर्व्हिस सेंटरने नवी डिस्क बसवली, टेस्ट ड्राइव्ह घेतली, गाडी उत्तम चालली, बिल झालं. हे सगळं खरंच असतं. पण डिस्कच्या मागे हबच्या तोंडावर गंजाची पापडी तशीच राहिली असेल, तर नव्या डिस्कचं भविष्य जुन्या डिस्कसारखंच ठरलेलं आहे.

आकडा काढून बघा. हबचं तोंड साधारण १४० मिमी व्यासाचं, डिस्क ३१२ मिमीची. हबच्या कडेला ०.०५ मिमीची गंजाची पापडी असेल तर डिस्कच्या कडेला तोच फरक ०.११ मिमी होतो. बऱ्याच कंपन्यांची रनआउटची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या घरात असते. डोळ्याला न दिसणारी पापडी नवी कोरी डिस्क मर्यादेबाहेर नेते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत वापरलेल्या गाडीच्या हबवर हा गंज हमखास सापडतो.

लेथवर डिस्क मारण्याचाही तोच दोष आहे. डिस्क काढून लेथच्या चकमध्ये पकडली की ती लेथच्या अक्षाला सरळ होते, तुमच्या हबच्या अक्षाला नाही. शिवाय प्रत्येक वेळी माल जातो. ३१२ बाय २५ मिमीच्या डिस्कची किमान जाडी बहुधा २२ मिमी असते. तो आकडा डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेला असतो. एकदा-दोनदा लेथवर गेली की डिस्क संपते, आणि पातळ डिस्क आणखी लवकर तापते.

घाट उतरताना काय होतं

घाटाचा दोष अजिबात नसतो असंही नाही. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार आहे. १५०० किलोची गाडी तेवढी खाली आणताना ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. १०० वरून पूर्ण थांबायला लागतात पावणेसहा लाख ज्यूल. म्हणजे हवेचा विरोध आणि इंजिन ब्रेकिंगचा वाटा सोडला तर सगळा घाट ब्रेकवर उतरणं म्हणजे १०० वरून चौदा वेळा थांबण्यासारखं आहे, आणि त्यातली बरीचशी उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते.

पण खरं नुकसान उतारानंतर होतं. बोरघाट संपतो आणि खालापूरचा टोलनाका येतो. सुट्टीच्या दिवशी रांग असते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून तुम्ही उभे राहता आणि पॅडचा माल त्या एकाच जागी चिकटतो. ऑटो-होल्ड चालू असेल तर पाय उचलला तरी दाब तसाच राहतो. म्हणून घाट उतरताना गिअर मॅन्युअलमध्ये घेऊन दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा, ऑटो-होल्ड बंद करा, रांगेत पुढच्या गाडीमागे थोडं अंतर राखून हळूहळू सरकत राहा. थांबावंच लागलं तर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक लावा. तो मागच्या चाकांवर असतो आणि ती त्या मानाने थंड असतात.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. अनेक फ्रंट-व्हील-ड्राइव्ह परफॉर्मन्स गाड्यांत वळणावर आतलं चाक ब्रेकने थोडं रोखून गाडी वळवली जाते. ताम्हिणी किंवा आंबोलीची वळणं जोमाने चढताना तुम्ही पेडलला पायही लावला नसेल, तरी पुढचे ब्रेक तापलेले असतात. वर पोचल्यावर एक-दोन किलोमीटर सावकाश चालवून मग गाडी उभी करा.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय बोलायचं

जॉब कार्डवर ‘ब्रेक चेक’ असं लिहू देऊ नका. त्या दोन शब्दांचा वर्कशॉपमधला अर्थ ‘ब्रेक क्लीनिंग आणि ग्रीसिंग’ असा होतो. हजार-दीड हजार बिलात येतात आणि मूळ तक्रार तशीच राहते. तक्रार अशी लिहून घ्या: ‘१०० वरून हलका ब्रेक लावताना ९० ते ७० दरम्यान स्टीअरिंग थरथरते, ब्रेक सोडल्यावर थांबते. अमुक किलोमीटरला डिस्क बदलल्यानंतर पुन्हा उद्भवली. दोन्ही पुढच्या डिस्कचा आणि हबचा रनआउट तसेच डिस्कच्या जाडीतला फरक मोजून आकडे जॉब कार्डवर नोंदवावेत.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

गाडी सोडण्याआधी टेक्निशियनला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या, आणि ती जिथे १०० गाठता येतात अशा रस्त्यावर. शहरातल्या वर्कशॉपच्या गल्लीत पन्नासवर ही तक्रार दिसणारच नाही. मग ‘नो प्रॉब्लेम फाउंड’ असा शेरा येतो आणि पुढे वॉरंटीच्या वेळी तोच शेरा तुमच्या विरोधात जातो.

सर्व्हिस अॅडव्हायझरशी भांडून उपयोग नाही. त्याच्याकडे दिवसाला ढीगभर गाड्या असतात आणि मोजमाप त्याच्या हातात नसतं. नम्रपणे वर्क्स मॅनेजरला भेटायचं आणि विचारायचं, ‘तुमच्याकडे डायल गेज आहे का? माझ्यासमोर लावाल का?’ माझ्या गाडीच्या वेळी तिथल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये डायल गेज नव्हता. डिस्कला व्हर्निअर (सरकत्या जबड्याचं माप) लावून ‘जाडी ओके’ असं लिहून दिलं होतं.

व्हर्निअरने हे काम होत नाही. एक तर त्याचा जबडा डिस्कच्या बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतो. दुसरं, साध्या व्हर्निअरचं लघुत्तम माप ०.०२ मिमी, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा किंवा त्याहून कमी असतो.

डायल लावणे

पुण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना याची अडचण पडू नये. भोसरी, चाकणच्या कुठल्याही टूलरूममध्ये डायल गेज आणि मायक्रोमीटर रोज हाताळणारी माणसं आहेत. एक शतांश मिलिमीटर हे त्यांचं रोजचं माप आहे. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्येही मॅग्नेटिक स्टँडसकट डायल असतो. नुसतं मोजून घेतल्याने गाडीत काही बदलत नाही, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न येत नाही.

चाक काढा. डिस्क हबवर घट्ट बसावी म्हणून चाकाचे बोल्ट योग्य वॉशर घालून सारख्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) कसा. डिस्क नुसती लटकत ठेवून घेतलेलं माप खोटं येतं. डायलचं टोक बाहेरच्या कडेपासून १०-१५ मिमी आत ठेवा, चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वाचन यांतला फरक लिहा. सगळ्यात उंच जागेवर खडूने खूण करा, आणि त्या जागेसमोर हबवरही तशीच खूण करा.

आता डिस्क काढून एक-दोन बोल्ट-छिद्रं फिरवून पुन्हा बसवा. ज्या गाड्यांत डिस्क एका छोट्या स्क्रूने बसते, तिथे तो स्क्रू मोजमापापुरता बाहेर ठेवा. पुन्हा डायल लावा. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर फिरली तर दोष डिस्कचा. ती हबच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा. या एका कसोटीवर पुढचा सगळा खर्च ठरतो, आणि ती करायला अर्धा तासही लागत नाही. डिस्क खाली उतरवून हबच्या तोंडावरही डायल लावून बघा. तिथे ०.०३ मिमीच्या वर काही दिसलं तर मला ते चालणार नाही.

जाडीसाठी मायक्रोमीटर घ्या, कडेपासून सारख्याच अंतरावर आठ ठिकाणी मोजा. फरक ०.०१५ मिमीच्या पुढे गेला की ती डिस्क हायवेवर जाणवणार.

माझ्या गाडीत डाव्या डिस्कचा रनआउट ०.१३ आला आणि उंच जागा हबपाशीच राहिली. हबच्या तोंडावर ०.०६ होता. वायर ब्रश आणि बारीक एमरीने तोंड चकचकीत केल्यावर तो ०.०२ वर आला. त्यावर नवी डिस्क ०.०४ मध्ये बसली. त्यानंतरचे पावसाळे आणि घाट तिने विनातक्रार काढले आहेत.

पैसे कुणी भरायचे

डिस्क आणि पॅड हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीतून वगळलेले असतात. ‘वेअर अँड टेअर’ हे उत्तर तिथून येतं. पण हब आणि व्हील बेअरिंग सहसा मूळ वॉरंटीत असतात. आणि हब साफ न करता डिस्क बसवली असेल, तर ती झीज नाही, काम नीट न केल्याचा परिणाम आहे. म्हणून आकडे कागदावर असणं गरजेचं. ‘गाडी हलते’ यावर वाद होऊ शकतो. ‘हबचा रनआउट ०.०६, उंच जागा हबवर’ यावर होत नाही.

तोंडी आश्वासनांवर थांबू नका. वर्क्स मॅनेजरला ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक सेवेला त्यात घ्या, जुन्या-नव्या जॉब कार्डचे फोटो जोडा, बदललेले जुने पार्ट परत मागा. तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बहुतेक प्रकरणं मात्र आकड्यांसकट गेलेल्या ईमेलवरच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल’ ही भीती सरसकट मानू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना दंड करताना हेही सांगितलं होतं की, स्वतंत्र गॅरेजमध्ये गेल्याच्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तरी वॉरंटी चालू असताना ब्रेकचं प्रत्यक्ष काम अधिकृत ठिकाणी आणि मोजमाप बाहेर, हा मार्ग मला सगळ्यात सुरक्षित वाटतो.

काम करून घेताना

डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम बदला आणि सोबत नवे पॅड घाला. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर असतात. पार्ट चेसिस नंबरवरून मागवा, कारण एकाच मॉडेलच्या साध्या आणि परफॉर्मन्स आवृत्तीत डिस्कचा व्यास वेगळा असतो. बाहेरचे पॅड घेणार असाल तर त्यावर ‘ई’ खुणेसोबत ९०आर असा क्रमांक (बदली पॅडच्या मान्यतेची खूण) आहे का बघा. ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीत घालू नका. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेरचा पहिला ब्रेक थंडच असतो.

कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज हलायला हव्यात. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिन अडकते आहे असं समजा. पिनांना सिलिकॉन ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन मागे दाबू देऊ नका, त्याची मोटर तुटते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. हवेतलं पाणी शोषून ३.७ टक्क्यांवर पोचलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते, आणि घाटात पेडल खोल जायला लागतं. किलोमीटर कमी झालेत म्हणून हे पुढे ढकलू नका. आपल्याकडचा पावसाळा किलोमीटर मोजत नाही.

नवे पॅड-डिस्क बसल्यावर पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ८० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा लावा. मध्ये पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. पॅडचा सारखा थर डिस्कवर बसतो तो असा. वर्कशॉप हे करून देत नाही.

राहिले चाकाचे बोल्ट. हवेच्या गनने एक बोल्ट जास्त, एक कमी कसला गेला की सरळ बसलेली डिस्कही तिरकी ओढली जाते. बोल्टचा टॉर्क मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांना १२० ते १४० न्यूटन-मीटर. डिकीत एक टॉर्क रेंच ठेवा. टायर रोटेशन असो, पंक्चर असो, अलाइनमेंट असो, काम करणाऱ्या दादांना आधीच सांगा की गन फक्त बोल्ट काढायला. बसवताना बोल्ट हाताने, आडव्या जोडीने कसायचे आणि शेवटी रेंचचा टिकटिक आवाज येईपर्यंत ओढायचं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तोच रेंच पुन्हा एकदा फिरवून बघा.